बासष्ट ग्रॅम

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकवीस वर्षं मी मापाडी.
गोणी काट्यावर चढायच्या आधीच सांगतो, किती भरेल.
पण मालन शेजारी निजायची
आणि तिच्या डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखं बसलेलं ते
मला कधी जोखता आलं नाही.

मेथी निवडता निवडता ती एकदम थांबायची.
चेहरा चुन्यासारखा. ब्लाउज पाठीला चिकटलेला.
"कुणीतरी मागं लागलंय," म्हणायची.
दार बंद असायचं, टीव्हीवर बाजारभाव चाललेले.

कोपरखैरण्यातल्या पहिल्या डॉक्टरनं मीठ तोडलं.
दुसरा म्हणाला, वयाचं आहे.
वहिनीनं लिंबू उतरवून चौकात टाकला.
मीही एकदा बोललो, "नाटकं पुरे."
ते वाक्य अजून पडून आहे माझ्याकडं,
कोणी उचलत नाही.

मग पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन.
संध्याकाळी घरी, म्हणाले होते.
भूल दिली, आणि त्या गाठीनं
साठवलेली सगळी भीती
एका दमात रक्तात ओतली.
वरचा आकडा दोनशे सत्तर.
फुप्फुसात पाणी, ओठांवर गुलाबी फेस,
काळीज सुगडासारखं:
तोंडाशी आवळलेलं, तळाशी फुगलेलं.
अँब्युलन्स पाम बीचनं नेरूळकडं सुटली.
खाडीत रोहित उभे, एका पायावर.
मी मोजायला लागलो. सवय.

डॉक्टर कुरियनबाईंनी कागदावर चित्र काढलं.
"लाखात एखाद्याला होते ही गाठ.
वाघ कुठंच नव्हता,
पण हिचं रक्त रोज वाघासमोर उभं होतं."
तीन आठवडे आधी गोळ्या.
आणि मीठ खायला घाला, म्हणाल्या, भरपूर.
ज्या मिठासाठी तिच्या ताटावर पहारा दिला,
तेच मी चिमटीचिमटीनं वाढत बसलो.

गाठ निघाली, बरणीत दाखवली.
बासष्ट ग्रॅम.
एवढ्याला आम्ही कांदासुद्धा म्हणत नाही,
गोल्टीत टाकतो.

परवा रात्री लाइट गेली.
मोरीत काहीतरी खुडबुडलं, मालन किंचाळली.
मी धडपडत गेलो, आधी मनगट धरलं.
घूस होती.
नाडी पळाली, पळाली,
मग आपली आपण पायरी पायरीनं उतरली.
"भ्याले बया," म्हणाली
आणि अंधारात हसायला लागली,
"खरंच भ्याले."