मोरीतला गीझर

फैजपूरला डिसेंबरात पहाटे
केळीच्या पानांवर दव नसतं, सुया असतात.
म्हणून बोंडे सरांनी मोरीच्या झरोक्यात
कॅलेंडरची जुनी पानं कोंबलीत,
वर खळीचा हात, त्यावर चिकटपट्टी.
भूमितीचे मास्तर. एकही कोपरा उघडा नाही.

मी पिशवी उघडते.
पाना, आरसा, ब्रश, वाटीत साबणाचा फेस.
नळीवर फेस फिरवायचा आणि बघत राहायचं,
बुडबुडा फुगला तर गळती.
फुगत नाही. नळीवरची तारीख मात्र
दोन वर्षांपूर्वीच संपलेली.
"तारीख रबराला असते, माणसाला नसते," सर म्हणतात.
मी हसते. वहीत लिहिते, नळी बदलणे.

मग झाकण काढते.
आत काजळी, कोळ्याचं घर,
आणि ज्योत पिवळी.
देवापुढे शोभली असती.
इथे निळीच हवी,
बुटकी, तोंड मिटून काम करणारी.

"पण वास तर येत नाही."
कसा येईल, सर?
सिलिंडरातला वास मुद्दाम घातलेला,
मांजरीच्या गळ्यातली घंटा.
हा दुसरा, अर्धवट जळून निघालेला,
याला घंटा बांधायला कोणी धजलं नाही.
दाराला कडी असली तरी येतो,
पाटाशेजारी बसतो, पाठ चोळून देतो,
जाताना थोडा श्वास घेऊन जातो.

दाराशी बांगडी वाजते.
यमुनाकाकू. हातात चहा, चहाचा विसर पडलेला.
"न्हाऊन निंघाली का मले गरगरते,
म्हनत होती ना मी?
तीन हिवाळे म्हनत होती."

फळीवर बीपीच्या गोळ्या.
दोन डॉक्टर झाले, एक भुसावळचा.
कुठल्याच फाइलीत झरोका नाही.

मी कॉक बंद करते.
गीझर बाहेर पडवीत लावा, तोवर चूल, बंब, काहीही.
सर ऐकतात की नाही कळत नाही.
ते स्टुलावर चढलेत,
नखाने पट्टी सोलतायत.
जानेवारी निघतो, मग फेब्रुवारी,
दुधाचे आकडे, लाइटबिल,
आणि एका चौकोनात त्यांचंच रेखीव अक्षर:
'य. ला पुन्हा खोकला. झरोका बुजवणे.'

ते पान ते घडी करून खिशात ठेवतात.

थंडी सरळ आत येते.
काकू पदर ओढून घेत नाहीत.
माझ्या फॉर्मात शेऱ्याला एकच ओळ असते.
मी लिहिते, हवा येते.