यादीबाहेर

विक्रोळीला तिसऱ्या मजल्यावर
खिडकी नसलेल्या खोलीत
माझ्यासमोर एक खिडकी असते.
तिच्यात चारशे बारा ठिपके.
हिरवा म्हणजे जिवंत.
पिवळा म्हणजे बघ जरा.
लाल म्हणजे डब्याला झाकण लाव.

खोटं कशाला बोलू, सुख आहे.
पूर्वी एका पॅचसाठी डाबरे पिशवीत सीड्या घालून निघायचे,
सकाळी मुलुंड, दुपारी चेंबूर,
दहिसरला पोचेपर्यंत बँकेचं शटर अर्धं खाली.
प्रत्येक यंत्रापुढे गुडघे टेकायचे,
पंख्याला कान लावून म्हणायचे, "हिला धाप लागलीय,"
आणि खिशातल्या ब्रशने धूळ काढायचे.
शेवटच्या शाखेपर्यंत तीन आठवडे.
तोवर पहिली पुन्हा जुनी.

मी तेच काम चहा निवेपर्यंत करते.
एक ओळ, एक एंटर,
मुलुंड, चेंबूर, दहिसर एका दमात नवे.
रात्री अडीचला कोण शिरलं, कुणी काय बदललं,
सगळं दिसतं.

दिसतं म्हणजे,
यंत्र स्वतःबद्दल सांगेल तेवढं.
मुलुंडला एसीचं पाणी चार दिवस रॅकवर ठिबकत होतं.
ठिपका हिरवा.
शिपाई लाडोबा रोज बादली रिकामी करत होता,
त्याला वाटलं, वरच्यांना कळलंच असेल.

मग तो गुरुवार.
साधी साफसफाई, जुन्या तात्पुरत्या फायली उडवायच्या.
पत्ता लिहिताना एक मोकळी जागा जास्त पडली,
बोटालाही न कळण्याएवढी.
सॉफ्टवेअरने विचारलं, सर्व यंत्रांवर?
ते नेहमीच विचारतं.
मी नेहमीच हो म्हणते.

ठिपके विझताना आवाज होत नाही.
मला वाटलं मॉनिटर गेला.
अकरा मिनिटं.
ज्या वेगाचं मी मीटिंगमध्ये कौतुक केलं होतं
त्याच वेगाने.
बॅकअपचा सर्व्हरही यादीत होता.
मीच घातला होता, शिस्त म्हणून.

पहाटे पाचला डाबऱ्यांना फोन लावला.
निवृत्त माणूस, वसईला केळीत पाणी सोडत होता.
रागावले नाहीत. म्हणाले,
"माझगावला जिन्याखाली एक बसलेली असेल.
तिला मी यादीत घालू दिलं नव्हतं.
वीज आहे का बघ."

होती.
त्यांच्या बायकोने शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळीत
ती रोज रात्री गुपचूप सगळ्यांचे हिशेब उतरवून घेत होती.
शेवटची नोंद: बुधवार, एक वाजून दहा.
मी गुडघे टेकले.
पंख्याला कान लावला.
धाप होती.

आता ऑडिटचा शेरा आलाय:
यादीबाहेरील यंत्र. धोका उच्च. तातडीने समाविष्ट करावे.
शेरा बरोबर आहे.
नऊ वर्षं तिला कुणी पॅच दिलेला नाही,
ज्या दाराने ती वाचली, ते कुणालाही सताड उघडं.
डाबऱ्यांना विचारलं, तर हसले नुसते.

नाव भरायचा चौकोन समोर आहे.
आत काडी लुकलुकतेय.
मॅडम थळी रोज विचारतात, झालं का.
करते, म्हणते.

शुक्रवारी, ब्रश घेऊन,
माझगावला जाते.