उद्या नक्की

नकाशातली बाई आमच्या गावाला कीली म्हणते.
गाव स्वतःला कीथली म्हणवतं.
मी तिला दोनदा कळवलं, तक्रार क्रमांकासकट.
बधली नाही.
आता तिच्यापुरता मी कीलीत राहतो.

इथे संध्याकाळचे सहा वाजले की
कॅलिफोर्नियात ऑफिसं उघडतात
आणि नवी आवृत्ती सुटते.
मी गोदामातून आलेला, बूटही न काढता
फोनसमोर बसून राहतो,
दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तसा.
एक टक्का.
मग बराच वेळ तोच एक टक्का.

गल्लीत माझं नाव आहे.
कुणाचं काही अडलं की दार माझंच वाजतं.
ताडेउश आला, म्हणाला, फोनमध्ये जागाच उरली नाही.
उघडून बघितलं:
मुलीचा पहिला पडलेला दात, चौतीस फोटो,
सगळे हललेले.
म्हटलं, एकसारखे फोटो शोधून उडवणारं एक ॲप आहे, फुकट.
त्याने फोन माझ्या हातातून घेतला
आणि खिशात ठेवला.

हेबलथ्वेट बाईंना हवं होतं
आज कुठल्या रंगाचा कचरा, ते सांगणारं काही.
कौन्सिलचं ॲप घालून दिलं, अक्षरं मोठी केली,
बुधवारी सकाळी सातची घंटी लावली.
ॲप म्हणालं हिरवा.
बाईंनी पडदा सारून समोरच्यांच्या दाराशी पाहिलं.
तपकिरी होता.
त्यांनी तपकिरीच काढला.
गाडीही तपकिरीच न्यायला आली.
मी माझ्या यादीतून
ते ॲप अजून काढलेलं नाही, पण एक तारा कमी केला.

काल नवा फोन घेतला.
जुन्यातलं सगळं यात आलं: नंबर, पासवर्ड,
पावलं, झोपेचे आलेख, भरलेली बिलं.
फक्त कीबोर्ड कोरा आला.
सहा वर्षं माझ्या बोटांखाली राहून
जे काही शिकला होता, ते मागेच राहिलं.

जुना हातात घेतला, सहज,
बघू या म्हटलं याला काय काय येतं.
"उद्या" लिहिलं.
त्याने पुढे केलं: नक्की.
दाबलं. मग: फोन.
दाबलं. मग: करतो.
मग, न मागताच: दादा.

अच्युतदादा, कऱ्हाडचा.
भंगारातून आणलेल्या डब्यात
कुठली कुठली रॅम बसवून
त्याने आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर सुरू केला होता,
आणि फ्लॉपीवर शाईच्या पेनने लिहिलं होतं:
हात लावू नये.
मी लावला. त्याने मारलं नाही,
शेजारी बसवून घेतलं.

तो अजून विचारतो.
त्या नव्या अपडेटने बॅटरी उतरते का रे?
तुमच्याकडे आधी येतं म्हणून विचारतो.
मराठीत बोललेलं लिहून देणारं चांगलं कुठलं?
माझे डोळे हल्ली...
आणि खाली, प्रत्येक प्रश्नाच्या खाली,
माझं तेच वाक्य, चार ठोक्यांचं.
वर वर सरकवत गेलो.
मार्च. त्याआधीचा नोव्हेंबर.
एकदाही मी ते लिहिलेलं नव्हतं,
नुसतं दाबलेलं होतं.

नव्या फोनला यातलं काहीच ठाऊक नाही.
"उद्या" लिहिलं तर तो सुचवतो: सकाळी, आहे, मी.
परक्या माणसासारखा, अदबीने.

म्हणून एकेक अक्षर शोधत लिहिलं.
जोडाक्षरांशी झटलो, "त्त" दोनदा चुकलं.
हो रे, उतरते.
दुपारपर्यंत तीस टक्क्यांवर येते.
तू एवढ्यात घेऊ नकोस, पुढची दुरुस्ती येऊ दे.
बोललेलं लिहून देणारं एक सापडलंय,
ळ चं ल करतं, बाकी बरं आहे.
रविवारी तुझ्या फोनवर मी बसवून देतो, इथून.

तिकडे रात्रीचा दीड असणार.
दोन खुणा निळ्या झाल्या.
लिहितोय, असं दिसलं. थांबला. परत लिहितोय.
मी चष्मा पुसला.

आलं:
कुठल्या आवृत्तीत?