आगळाची बाटली

आमच्याकडे कोकमाचं आगळ ठेवायची बाटली चौकोनी आहे.
हिरवी, जाड, खांद्याला रुंद, बुडाशी निमुळती,
काचेत अडकलेले बुडबुडे.
आजोबांना माडाचं आळं खणताना मिळाली,
वेंगुर्ल्यात, वलंदेजांच्या वखारीमागच्या भाटात.
फावड्याने तिच्या काठाचा टवका उडाला, तेवढंच.

चौकोनी का, हे मला फार उशिरा कळलं.
पेटीत बारा बसवल्या तर मध्ये वारासुद्धा मावत नाही.
वलंदेज हिशेबी माणूस.
तीत जिन असायची म्हणे.
मला जीन म्हणजे घोड्यावरचं, एवढंच ठाऊक.

मी अबकारीत कारकून होतो. एकतीस वर्षं.
दुपारी काम नसलं की जुनी दफ्तरं वाचायचो,
ती संपल्यावर साहेबाच्या मुलखाची पुस्तकं.
हपुषेची फळं घातलेला हा अर्क
वलंदेज शिपाई लढाईआधी घ्यायचे.
शेजारी उभ्या इंग्रजांनी त्याला वलंदेजी धाडस म्हटलं
आणि ते उसनं धाडस घरी नेलं.

मग लंडनात न्हावी विकू लागला, भाजीवाली विकू लागली,
ढकलगाडीवर, तळघरात, पैशाला घोट.
बाया इतक्या प्यायल्या की तिचं नावच पडलं
आईचा घात.
सरकारने परवाना केला पन्नास पौंडांचा.
तर कुणीतरी भिंतीला लाकडाचं मांजर ठोकलं.
त्याच्या तोंडात नाणं टाका, हळूच म्याव म्हणा,
पंजाखालच्या नळीतून जिन.
ऑफिसात मी एकटाच हसत सुटलो.
मोरजकर शिपाई म्हणाला, "काय झालां, भाऊ?"
म्हटलं, काय नाय. थंयसर पण आपलीच माणसां.

लोकांनी दंगा केला. सात वर्षांत कायदा मागे.

तेच सरकार पुढे इथे आलं आणि माडाला कर बसवला.
प्रत्येक खोडावर आकडा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.
इथे दंगा झाला नसावा, निदान दफ्तरात तरी नाही.
दफ्तरात एवढंच सापडलं:
अर्जुन लाडू केरकर, भंडारी, माड नंबर ३१७,
कर थकीत, सूर काढण्यास मनाई.
आजोबा.
अक्षर वळणदार होतं. माझ्यासारख्याच कुणा कारकुनाचं.
मी पान उलटलं, मग परत मागे आलो.

बंगल्याच्या व्हरांड्यात मात्र हिवतापाचं औषध चालू होतं.
कोयनेल कडू, म्हणून साखर,
साखरेला सोडा, सोड्याला लिंबू,
आणि या सगळ्याला जिन.
गटारात लोळलेली बाई दोन-चार पिढ्यांत मडम झाली.
हिवताप आजोबांनाही यायचा.
ते काडेचिरायत प्यायचे, नुसतं, नाक दाबून,
आणि थरथरत्या हाताने कोयती परजत बसायचे
जिला आता झाड नव्हतं.

परवा मुंबईचा एक पोरगा आला, ऋत्विज, कानात डूल.
जिन बनवतो. ओली तिरफळं हवीत, कोकमं हवीत,
लिंबाची कोवळी पानं हवीत.
परवाने सगळे होते. निवृत्त असून मी दोनदा तपासले.
बाटलीकडे बघून म्हणाला, "काका, विकता?"
आणि एक रक्कम बोलला. माझं अर्धं पेन्शन.
आत सून त्याच बाटलीतून सोलकढीला आगळ ओतत होती.
म्हटलं, रिकामी नाही ती.

जाताना त्याने नमुना दिला, औषधाच्या बाटलीएवढा.
रात्री पडवीत उघडला, आधी नुसता हुंगला.
आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं.
खरंच. तिरफळं ठेचून घातलेलं, चुलीवरून आत्ताच उतरवलेलं.
आणि त्याच्या मागे कुठला तरी थंड, डोंगराळ वास
जो आमच्या घरात कधीच आला नव्हता.
बराच वेळ तसाच बसलो, पेला हातात.

सकाळी पोराचा फोन. कशी वाटली?
म्हटलं, मीठ कमी आहे.