जिना उतरण्याचा सराव

लोय्झ्काकडे टेप होती, शिंप्याची,
दीडशे सेंटीमीटरची, पिवळी, कडेला कुरतडलेली.
आमची कुठलीच उडी तिच्यात मावत नसे.
"मग कळायचं कसं, किती लांब गेलो ते?"
तिलेननं एकदा विचारलंच.
ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली,
"गेलास ना? मग चालत परत ये.
पाय सांगतील."

पहिला अख्खा उन्हाळा स्कीला हात लावू दिला नाही.
गवताच्या गंजीवरून पडायचं:
उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पाठीवर,
रडत, हसत, डोळे मिटून.
नीट पडलं की वाळवलेल्या नासपतीची एक फोड.
आई वडिलांना म्हणाली,
पोरगी पडायला शिकते, त्याची आपण फी भरतो.

दुसऱ्या वर्षी कपडे वाळत घातले.
खरंच. उतरणीच्या कडेनं तार बांधून
चादरी, उशांचे अभ्रे,
तिच्या मेलेल्या नवऱ्याचे लांब पायजमे.
आम्ही बाकावर बसून सांगायचं,
वारा कुठून आला, कुठे थबकला,
की नुसतीच हूल देऊन गेला.
ब्रीना तारेकडे बघायचीसुद्धा नाही,
तिला कानाच्या पाळीत कळायचं.
मला नाही कळलं कधी.
मी पायजम्यांवर भिस्त ठेवली.

लिफ्ट होती, गंजकी पण चालू. आम्हाला मनाई.
दोनशे अकरा पायऱ्या, स्की खांद्यावर.
आणि आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, कारण न देता,
ती खालून रुमाल हलवायची:
आज उडी नाही. उतरा.
मग उतरायचं, तोंड वाकडं करून,
त्याच दोनशे अकरा.
चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जड जातं
हे मला नवव्या वर्षीच ठाऊक झालं.

पलीकडच्या दरीतल्या क्लबात कॅमेरे होते,
वाऱ्याचा बोगदा होता,
मुलींच्या वजनाच्या वह्या होत्या.
आमच्याकडे बुधवारी बार्लीचं सूप,
आणि दुसरा वाडगा नाकारायची सोय नव्हती.

तेराव्या वर्षी, फेब्रुवारीत, मोठी टेकडी.
बारवर बसले. दिवा हिरवा.
खाली मचाणावर लोय्झ्का,
तिनं झेंडा खाली झटकला: जा.
तिनंच. स्वतः.

आणि नदीपलीकडे कुणाच्या तरी माडीवर
वाळत घातलेला एक पायजमा
उभाच्या उभा फुगला, वळला,
दोन्ही पाय आकाशात.

मी बारवरून सरकत बाजूला आले.
स्की काढल्या. खांद्यावर घेतल्या.
लाउडस्पीकरवर माझं नाव दोनदा, मग नुसता नंबर.
त्या जिन्याला तीनशे आठ पायऱ्या होत्या,
मोजल्या, कारण वर बघायचं नव्हतं.

माझ्यानंतरची मुलगी गेली.
सुरेख गेली. पहिली आली.
वारा होता की नव्हता,
आजही शपथेवर सांगता येणार नाही.

वडील गाडीत घरापर्यंत बोलले नाहीत.
संघटनेच्या माणसानं माझ्या नावापुढे रेघ ओढली,
तीही पट्टी लावून.

त्याआधी, व्हॅनच्या मागच्या पायरीवर,
मी लोय्झ्काशेजारी बसले होते.
तिचे हात थरथरत होते, थंडीनं असतील.
माझ्या सूटची शिवण बगलेत उसवली होती,
ती अंगावरच शिवायला घेतली तिनं,
आणि मला मान वळवता येईना.
"मी झेंडा टाकला होता," ती म्हणाली.
"हो."
"दिसला होता?"
"हो."
तिनं दोरा दातांनी तोडला.
कोटाच्या खिशात बराच वेळ काहीतरी शोधलं.
फोड नव्हती.
किल्ल्या होत्या, एक बटण, आणि ती टेप.
टेप माझ्या मांडीवर ठेवून
ती पुढे गाडी सुरू करायला गेली.