पनिहारची फरशी

मागच्या दारी कपडे धुवायला एक फरशी हवी होती,
एवढंच काम होतं.
पनिहारच्या पुढे, रस्त्यालगतच्या टालावर
फरश्या उभ्या होत्या पत्त्यांसारख्या एकीला एक टेकून,
गुलाबी, शेवाळी, काही शिळ्या भाकरीच्या रंगाच्या.

एकीवर लाटा होत्या.
कोरलेल्या नव्हेत. बोटं फिरवली तर
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा, थेट तशा,
आणि समुद्र इथून एका रात्रीच्या गाडीवर.
"ही निम्म्या दरात न्या," टालवाला म्हणाला,
"उलटी बसवा. सपाट बाजू वर."

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
'विंध्य प्रस्तर, वाळूचा खडक' असं फळ्यावर लिहिलं,
पोरींनी उतरवून घेतलं,
पुढच्या वर्षी मीच पुन्हा लिहिलं.
शंभर कोटी वर्षं. शून्यं मोजून लिहायची.
त्या समुद्रात मासा नव्हता, काठावर गवताचं पातं नव्हतं,
शिंपलासुद्धा नव्हता टोचायला.
पाणी यायचं, जायचं,
वाळूला वळ पडायचे.

फरशी बसवायला लोटन आला. लोटन आदिवासी, सहरिया.
वय विचारलं तर म्हणाला, "पैंतीस-चालीस, जो ठीक लगे।"
चार घाव घालतो, थांबतो, खोकतो,
फडक्यात टिपतो, फडकं खिशात.
बाप खाणीत. भाऊ खाणीत; भाऊ गेला,
कागदावर टीबी लागला.
मी म्हटलं, टीबी नसेल रे, दगडाची धूळ असेल.
तो म्हणाला, नाव काही ठेवा बाई, खोकला एकच.

चहाला बसल्यावर सोनचिरैयाचं निघालं.
पुस्तकात आम्ही माळढोक म्हणायचो, मी पाहिला कधीच नाही.
त्यानं पाहिलाय, गायींमागे असताना,
घाटीगावच्या माळावर:
दरोगा चालतो तसा चालायचा म्हणे, मान मागे टाकून,
घाई कशाचीच नाही.
मग त्याच्यासाठी रान राखलं.
खाणी बंद झाल्या, म्हणजे रात्रीच्या झाल्या.
वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी
सुरुंगाला किती वेळा दचकणार?
पाटी आहे अजून. पाटीवर पक्षी आहे.

आम्ही तरी इथले कुठे.
तंबूच्या मेखा ठोकल्या, त्या उपटायच्या राहिल्या,
छावणीचंच शहर झालं,
आणि दोनशे वर्षं आम्ही पत्त्यात 'लष्कर' लिहितो,
भाजीची पिशवी घेऊन निघतो लष्करातून.
कनातींच्या जागी दगड आला:
ओटे, जाळ्या, पागेतली गव्हाण, गणपतीचा चौथरा,
सगळा त्याच समुद्राचा तळ.
किल्ल्याच्या कड्यातले उघडे तीर्थंकर
त्याच वाळूत उभे, घोट्यापर्यंत, मांडीपर्यंत.
आणि खाली स्वर्णरेखा, नावापुरतं सोनं;
तिला आम्ही सिमेंटचा तळ केला.
त्यावर वळ उमटत नाहीत.

"कौन सी बाजू ऊपर?" लोटननं विचारलं.
लाटांची.
त्यानं तळवा फिरवून पाहिला. "ठीक है, कपड़ा अच्छा घिसेगा।"
हे मला सुचलं नव्हतं.
"और ढाल?"
मी वाकले. लाटेची एक बाजू लांब, उतरती,
दुसरी तुटक. पाणी तुटक बाजूकडे वाहत असणार.
फळ्यावर बाण काढायचे मी, तसा हवेत काढला:
इकडे चाललं होतं, लोटन.
कधी, ते त्यानं विचारलं नाही.
त्या अंगाला सूतभर उतार दिला, तांब्या ओतला,
आणि पाणी खाचांवरून अडखळत
भिंतीखालच्या भोकाशी गेलं.

मजुरी मोजून घेतली. मी दिलेला मास्क
घडी करून फडक्याच्याच खिशात ठेवला.
फाटकापाशी थांबला, खोकला,
मग छिन्नी राहिली म्हणून परत आला.