पूर्ण ताबा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, खोली नंबर चौदा.
चार खाटा, एक एसी, आणि शुक्रवारी
तीस रियालला आणलेला जुना कॉम्प्युटर,
ज्याच्या एंटरच्या बटणावर
कुणाच्या तरी बोटाचा खळगा आहे.

रज्जाक परकारला हिशोबाचं सॉफ्टवेअर हवंय.
सी भरलेलं, म्हणून मी डीवर टाकतो.
पट्टी नव्वद टक्क्यांपर्यंत हिरवी सरकते
आणि अडते : ह्या फोल्डरमध्ये लिहायची तुम्हाला परवानगी नाही.
मालक कोण म्हणून पाहिलं, तर नाव नाही,
एक लांबलचक आकडा, मधेमधे आडव्या रेघा.
माणूस निघून गेला की यंत्रात एवढंच उरत असावं.

दुकानातल्या अनीशला फोन लावला.
चहाचा घोट घेत म्हणाला, भाई, सोपं आहे,
'एव्हरीवन' निवडा, 'फुल कंट्रोल'वर टिक मारा.
सगळे तसंच करतात.

सगळे.
अकरा वर्षं मी पाइपांच्या गोदामाचा स्टोअरकीपर.
चिठ्ठीशिवाय साधा नट दिला नाही कुणाला.
एकदा खुद्द मुदीरला सही करायला लावली;
त्यानं केली,
आणि महिनाभर माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही.
वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं, चालवणं वेगळं,
हे मला कुठल्या क्लासात कळलेलं नाही.
गोदामाची किल्ली माझ्या कमरेला असते.
माझा पासपोर्ट कुठल्या कपाटात असतो
ते मात्र नुसतं ऐकून माहीत आहे.

रज्जाक म्हणतो, शिगवण, मार की टिक,
इथं कोण येतंय चोरायला?
खरंय. वाळूशिवाय इथं न विचारता कुणी आत येत नाही.

मग 'मालकी घ्या' असं एक बटण दिसलं.
डुगडुगत्या टेबलापुरता का होईना, मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.
एक क्लिक, की त्या आकड्याचं सगळं माझं.
काय असेल आत? पगाराच्या पावत्या? लेकराचे फोटो?
बाण बटणावर नेला.
एसी ठणठणत होता.
बाण बाजूला घेतला.

शेजारी नवं फोल्डर केलं.
वाचणं चौघांना. लिहिणं एकट्या रज्जाकला.
पट्टी पुन्हा पहिल्यापासून निघाली,
नव्वदला आम्ही दोघंही श्वास धरून.

रज्जाकची पहिली नोंद :
कॉम्प्युटर, तीस रियाल, माणशी साडेसात.
आणि ज्याचा होता, त्याचं?
त्याला दुकानदारानं दिले असतील, तो म्हणाला.
असतील.

ते फोल्डर तिथंच आहे, बंद.
शुक्रवारी मी फक्त त्याच्यावरची तारीख बघतो.
बदललेली नसते.